मीटरवरचे ६० आणि रस्त्यावरचे ६०: ठाणे-नवी मुंबईत नव्याने दुचाकी हाती घेणाऱ्यांसाठी

नवीन गाडी घेऊन पाम बीच रोडला लागलात आणि मीटरचा काटा बरोब्बर ६० वर धरलात, तरी गाडी बहुतेक वेळा ६० ने धावत नसते. ती ५५-५६ च्या आसपास असते. यात बिघाड काही नाही; मीटर थोडं जास्तच दाखवेल अशा बेताने बनवलेलं असतं. नुकतंच लायसन्स मिळालेल्या, किंवा नोकरीसाठी गावाहून येऊन इथल्या रस्त्यांवर पहिल्यांदाच दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गाडीपुरता हा फरक एकदा स्वतः मोजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. वेगमर्यादा पाळायची म्हणजे दिवसभर त्या मीटरच्या भरवशावर राहायचं. तो भरवसा किती ठेवायचा, हे आधीच कळलेलं बरं.

लागतं फार थोडं: सुट्टीची एक सकाळ, जीपीएस असलेला फोन, मागे बसायला एक माणूस, आणि कागद-पेन.

मीटर जास्त का दाखवतं

वाहनांच्या मीटरबाबत संयुक्त राष्ट्रांची एक नियमावली आहे, क्रमांक ३९. अनेक देशांनी ती स्वीकारली आहे. तिचं सूत्र सोपं आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवलं तर चालेल, पण ठरलेल्या हद्दीत. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दुचाकीसाठी ही हद्द खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ८ किमी इतकी सैल आहे. म्हणजे गाडी खरोखर ५० ने धावत असेल तर मीटरवर ५० पासून ६३ पर्यंतचा कुठलाही आकडा चालतो, ४९ मात्र चालत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११७ प्रमाणे वेग दाखवणारं मीटर गाडीत असणं बंधनकारकच आहे.

हद्द इतकी सैल का, याचं उत्तर टायरमध्ये आहे. मीटर रस्ता मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हा आकडा कंपनीने एकदा धरलेला असतो, आणि पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. उदाहरणार्थ, १००/८०-१७ मापाच्या टायरचा घेर साधारण १.८५ मीटर येतो. ६० च्या वेगाला हे चाक सेकंदाला नऊ फेरे मारतं. टायर झिजला की घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर आणखी वर सरकतं. टायरची जाडी ४ मिलिमीटरने कमी झाली तर फरक सव्वा टक्क्याच्या आसपास पडतो. हवा कमी असली, डबल सीट असलात, तरी टायर दबून हाच परिणाम होतो. उलट मोठ्या मापाचा टायर बसवला की फेरे कमी होतात आणि मीटर कमी दाखवू लागतं. कोण कुठला टायर टाकेल, कोण हवा कधी तपासेल, हे कंपनीला ठाऊक नसतं. म्हणून ती आधीच थोडी वरची बाजू धरून ठेवते.

पहिली पायरी: आपलं मीटर वेग घेतं कुठून, ते बघा

गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि पुढच्या चाकाच्या मध्याकडे बघा. तिथून पेन्सिलीएवढी जाड काळी केबल वर मीटरपर्यंत गेली असेल, तर तुमचं मीटर जुन्या पद्धतीचं आहे. चाकाबरोबर एक छोटा गिअर फिरतो, तो केबल फिरवतो, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटरच्या आत एक चुंबक फिरतं. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे त्या वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि ती चुंबक फिरतं त्या दिशेने ओढली जाते. तिला एक बारीक स्प्रिंग मागे धरून ठेवते. वेग आणि स्प्रिंग यांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो आकडा तुम्हाला दिसतो. जर्मनीच्या ओटो शुल्झने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही कितीतरी कम्युटर गाड्या आणि स्कूटर याच तत्त्वावर धावतात.

केबलऐवजी बारीक वायर दिसली, तर चाकाजवळ सेन्सर आहे. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांमध्ये डिस्कच्या आतल्या बाजूला खाचा असलेली एक कडी असते. तिथूनच वेगाचे ठोके मोजले जातात. आणि पुढच्या चाकाकडे काहीच गेलेलं नसेल, तर गाडी बहुधा गिअरबॉक्सकडून, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) आसपासच्या सेन्सरवरून वेग घेते. बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटर मोटरच्या फेऱ्यांवरून घेतात. त्यांच्या बाबतीत मागचा टायर महत्त्वाचा.

हे माहीत असण्याचा उपयोग असा, की पुढे कुठला बदल मीटर बिघडवेल ते आधीच कळतं. गिअरबॉक्सवरून वेग घेणाऱ्या गाडीला कुणी गॅरेजवाल्याने "जरा अ‍ॅव्हरेज वाढेल" म्हणून पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांऐवजी १५ दात्यांचं बसवलं, तर गाडी स्प्रॉकेटच्या दर फेऱ्यामागे ७ टक्के जास्त अंतर कापते आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आधी मीटरवर ६० असताना गाडी ५६ ने जात असेल, तर आता ती खरी ६० ने जाते. कंपनीने ठेवलेला सगळा राखीव फरक त्या एका दात्यात संपला.

दुसरी पायरी: टायर आणि हवा

मोजण्याआधी हवा तपासा, आणि ती टायर थंड असताना. पाच-सात किलोमीटर गाडी चालवून पंपावर गेलात तर टायर तापलेला असतो आणि आकडा खोटाच वर येतो. घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे सकाळी आधी जा. पुढच्या-मागच्या टायरला किती पीएसआय हवं, ते चेनच्या कव्हरवर किंवा सीटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाला सवयीने सगळ्यांना एकच आकडा भरत असेल, तर त्याला नम्रपणे आपला आकडा सांगा.

टायरच्या कडेला छापलेलं मापही वाचा आणि माहितीपुस्तिकेतल्या मापाशी ताडून बघा. जुनी गाडी घेतली असेल तर हे टाळूच नका. आधीच्या मालकाने १००/८० च्या जागी १००-११० चा फरक काय तो, म्हणून ११०/८० टाकलेला असतो. दिसायला गाडी भरदार दिसते, पण घेर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष मोजणी

जागा निवडताना घाई करू नका. घोडबंदर रोड या कामासाठी मी कुणालाच सुचवणार नाही. मेट्रोच्या कामाने बदललेल्या मार्गिका, बंदराकडून गुजरातच्या दिशेला निघालेले कंटेनर, कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत दर थोड्या अंतरावर आत-बाहेर करणाऱ्या गाड्या: इथे लक्ष फक्त रस्त्यावर हवं. ठाण्यातून पूर्व द्रुतगती महामार्गावर मुलुंडच्या पुढचा सरळ पट्टा, किंवा नवी मुंबईत सायन-पनवेल महामार्गावर बेलापूरच्या पुढे खारघरकडचा पट्टा सुट्टीच्या सकाळी बरा पडतो. पाम बीच रोड मोकळा वाटतो, पण रविवारी सकाळी तिथे सायकलवाले आणि पळणारे भरपूर असतात. शिवाय थंडीत फ्लेमिंगो बघायला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळ गाड्या अचानक हळू होतात.

वर आकाश मोकळं हवं. उड्डाणपुलाखाली, मेट्रोच्या खांबांमधून किंवा उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएसचा आकडा भरकटतो. मोकळ्या जागेत, एकाच वेगाने चालताना मात्र तो फार चांगला असतो, चूक ताशी एखाद्या किलोमीटरच्या आत. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून तो वेग काढतो, त्यामुळे टायर, हवा, वजन यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्याची एकच खोड आहे: तो थोडा मागे राहतो. वेग वाढवताना तो कमी दाखवतो, ब्रेक मारताना जास्त. म्हणून वेग बदलत असतानाचा आकडा धरायचा नाही.

आता काम असं करायचं. फोन मागे बसणाऱ्याच्या हातात द्या. चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, या बाबतीत मी ठाम आहे. ज्या अ‍ॅपमध्ये जीपीएसचा वेग मोठ्या आकड्यात दिसतो असं कुठलंही अ‍ॅप चालेल. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दिशा सुरू असतानाही कोपऱ्यात वेग दिसतो. डाव्या मार्गिकेत, मागची गाडी लांब आहे हे आरशात बघून, मीटरवर ३० धरा. वेग स्थिर झाला की "तीस" असं मोठ्याने सांगा आणि तो तसाच दहा-पंधरा सेकंद ठेवा. त्या वेळात फोनवर जो आकडा टिकून राहतो तो मागच्याने लक्षात ठेवायचा किंवा व्हॉइस रेकॉर्डरवर बोलून टाकायचा. मग ४०, ५०, ६०. ६० च्या वर मोजायची काहीही गरज नाही. आपलं रोजचं सगळं चालवणं त्याच्या आतच आहे. परत येताना उलट दिशेला हेच पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या फरकाने जुळले, तर मोजणी चांगली झाली.

मागे बसणारं कुणी नसेल तर अ‍ॅपमध्ये प्रवासाची नोंद सुरू करून फोन खिशात ठेवा, प्रत्येक वेग जरा जास्त वेळ धरा, आणि घरी आल्यावर आलेख बघा. सपाट पायऱ्या स्पष्ट दिसतात.

फोनवर भरवसा नसेल तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आहेतच. राष्ट्रीय महामार्गावर ते पिवळ्या माथ्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या माथ्याचे असतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत वेग एकसारखा ठेवा आणि मागच्याला सेकंद मोजायला सांगा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो: ६० सेकंद लागले तर ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. मीटरवर ६० असताना ६४-६५ सेकंद लागले, तर तुमची गाडी ५६ च्या आसपास आहे. रुंदीकरणात शहराजवळचे बरेच दगड हलले किंवा गेले आहेत, म्हणून एकाच जोडीवर विसंबू नका. लागोपाठ तीन-चार दगडांची वेळ घ्या.

त्याच फेरीत एकूण किलोमीटर दाखवणारा आकडाही ताडून बघा. वेग जास्त दाखवणाऱ्या गाडीचे किलोमीटरही तितकेच जास्त पडतात असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं. वेगाच्या आकड्यात मुद्दाम भर घातलेली असते, अंतर मोजणारा भाग बहुतेक गाड्यांमध्ये खऱ्याच्या बराच जवळ असतो. अंतरातही मोठी तफावत आली, तर शंका टायरवर घ्यायची.

आकडे हाती आल्यावर

समजा, मीटरवरच्या ३०, ४०, ५०, ६० समोर फोनने २८, ३७, ४७, ५६ दाखवले. हे निरोगी मीटर आहे. कागद आरसीच्या पाकिटात ठेवून द्या, तारीख आणि किलोमीटर लिहून.

आता यातून मोह तयार होतो, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. "खरा वेग ५६ आहे ना, मग मीटरवर ६४ नेलं तरी मी मर्यादेतच" असा हिशोब लगेच मनात येतो. गणित म्हणून तो बरोबरही आहे. तरीही तो रस्त्यावर वापरू नका. तुम्ही मोजलंत त्या दिवशीचा टायर, त्या दिवशीची हवा आणि त्या दिवशीचं वजन कायम राहत नाही. नवा टायर पडला की फरक कमी होतो, आणि डोक्यातलं "चार किलोमीटर मोफत" मात्र तसंच राहतं. मोजणीचा खरा उपयोग एवढाच की मीटर खऱ्यापेक्षा कमी तर दाखवत नाही ना, याची खात्री पटावी. फलकावर ६० असेल तर मीटरवर ६०. राहिलेले चार किलोमीटर अडीअडचणीला शिल्लक राहू द्या.

उलट निघालं, म्हणजे मीटर ५० दाखवतंय आणि फोन ५२-५३, तर त्याच आठवड्यात गाडी दाखवा. मूळ मापाचा टायर, मूळ दात्यांचं स्प्रॉकेट, आणि बदललेलं मीटर असेल तर त्याची मांडणी, या क्रमाने शोध घ्या. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल मीटरमध्ये चाकाचा घेर भरावा लागतो, आणि बसवणारा अनेकदा तो अंदाजाने भरतो. तो घरच्या घरी मोजता येतो. टायरला खडूची खूण करा, खूण बरोबर जमिनीला टेकेल तिथे फरशीवर दुसरी खूण करा, गाडीवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सरळ पुढे ढकला, पुन्हा फरशीवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तोच आकडा मीटरमध्ये भरायचा. गाडीवर बसून ढकलायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि रस्त्यावर तो तसाच दबलेला असतो.

कुठे किती

केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलसाठी कमाल वेग असा: दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर ८०, महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या रस्त्यावर ६०, इतर रस्त्यांवरही ६०. हे वरचं टोक झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली स्थानिक पातळीवर याहून कमी मर्यादा लावता येते, आणि ती फलकावर दिसते. लाल कडेच्या गोलातला आकडा बंधनकारक. निळ्या गोलातला आकडा किमान वेगाचा असतो, त्याची गल्लत करू नका.

नवख्या माणसाची फसगत होते ती ८० च्या आकड्याने. सायन-पनवेल महामार्ग रुंद आहे, ठाणे-बेलापूर रोड रुंद आहे, पाम बीच तर आणखी मोकळा. पण हे रस्ते महापालिकेच्या हद्दीतून जातात. रस्त्याची रुंदी बघून मर्यादा ठरवू नका, फलक वाचा. फलक दिसला नाही तर ६० धरा. सर्व्हिस रोडवर तर ३० च्या पुढे जायचं कारणच नसतं: एका बाजूला उभ्या रिक्षा, दुसऱ्या बाजूला उलट्या दिशेने येणारी एखादी स्कूटर, मधे दुकानातून बाहेर पडणारी माणसं.

आणि दोन रस्ते दुचाकीसाठी बंदच आहेत. कळंबोलीहून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये कारची खूण निवडलेली राहिली तर ते तुम्हाला बिनदिक्कत तिकडे नेतं. पनवेल-उलवेकडे निघताना दुचाकीची खूण निवडली आहे ना, ते आधी बघा.

वेग हातात ठेवण्याची सवय

सुरुवातीचे काही दिवस नवखा माणूस एक तर मीटरकडे बघतच नाही, किंवा सारखा बघत राहतो. दोन्ही वाईट. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मीटरवर दोन सेकंद नजर अडकली म्हणजे ३०-३५ मीटर न बघता गेलात. नजर टाकायच्या जागा ठरवून घ्या: सिग्नल सोडून वेग घेतल्यावर, उड्डाणपुलावर चढल्यावर, उतरायच्या आधी, आणि मर्यादेचा फलक दिसल्यावर. एक ओझरती नजर, पुन्हा रस्ता.

मधल्या वेळात कानाने वेग ओळखायला शिका. कुठल्या गिअरमध्ये कुठल्या आवाजाला मीटरवर ४० असतं, कुठल्या आवाजाला ५०, हे मोजणीच्या फेरीतच लक्षात घेता येतं. शहरात टॉप गिअरची घाई करू नका. चौथ्यात ४५-५० ने चालणाऱ्या गाडीची रेस सोडली की इंजिन तिला लगेच मागे ओढतं. टॉपमध्ये ती तशीच वाहत जाते. स्कूटरला हा आधार कमी असतो, म्हणून स्कूटरवाल्यांनी नजर थोडी जास्त वेळा टाकावी.

या भागात नकळत वेग वाढण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळच्या उड्डाणपुलांचा उतार: वर ५० असलेली गाडी रेस न वाढवताही खाली ६० ओलांडते, आणि खाली उतरताच सर्व्हिस रोडवरून येणारी वाहनं मिसळतात. उतार सुरू व्हायच्या आधीच रेस सोडायची. दुसरी जागा महामार्गावरून वसाहतीत शिरण्याची. पंधरा-वीस मिनिटं ६० ने चालल्यावर डोळ्यांना तो वेग सरावाचा होतो. मग नेरूळच्या सेक्टरमध्ये वळलात की ४५ हे ३० सारखे वाटतात. इथे स्वतःच्या अंदाजावर अजिबात जाऊ नका. वळल्यावर लगेच मीटर बघा. तिसरी जागा रात्रीचा पाम बीच. सारसोळे, करावे ही गावं रस्त्याला लागून आहेत, माणसं रात्रीही रस्ता ओलांडतात, आणि रिकाम्या सहा मार्गिका बघून चालवणाऱ्याला ते आठवत नाही.

मागचा हॉर्न मारतो म्हणून वेग वाढवायचा नाही. डावीकडे सरका, त्याला जाऊ द्या. ऐरोली-महापे पट्ट्यात ऑफिस सुटायच्या वेळी सगळा प्रवाहच ७० ने चाललेला असतो आणि आपण अडथळा ठरतो आहोत असं वाटतं. डाव्या मार्गिकेत, स्थिर वेगाने, आरसा बघत चालणारा दुचाकीस्वार कुणाचाच अडथळा नसतो.

वाचणारा वेळ किती, तेही बघा. वाशी ते बेलापूर पाम बीचने साधारण १० किलोमीटर. न थांबता ६० ने दहा मिनिटं, ८० ने साडेसात. मधले सिग्नल ती अडीच मिनिटं खाऊन टाकतात. थांबायला लागणारं अंतर मात्र कोणी खात नाही. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि एक सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर ४० वरून थांबायला साधारण २१ मीटर लागतात, ६० वरून ४०, आणि ८० वरून ६० च्याही पुढे. ओल्या रस्त्यावर ६० वरून थांबायला ५० मीटर सहज लागतात. जूनच्या पहिल्या सरीत, धूळ आणि तेल मिसळून रस्ता निसरडा झालेला असतो तेव्हा, फलकावरच्या मर्यादेतून स्वतःच पंधरा-वीस वजा करा.

कॅमेरा आणि चलन

रस्त्यावरचा कॅमेरा किंवा पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतलं यंत्र तुमचा खरा वेग मोजतं, मीटरचा नव्हे. रडार तिरप्या कोनातून बघत असेल तर ते खऱ्यापेक्षा किंचित कमीच मोजतं, म्हणजे ती चूक तुमच्याच बाजूने पडते. म्हणून मीटरवर ६० असताना ६० च्या मर्यादेत चलन आलं, तर दोन शक्यता उरतात: तुमचं मीटर कमी दाखवतंय, किंवा चलन दुसऱ्याच गाडीचं आहे. पहिलीची खात्री वरच्या मोजणीने होते.

दुसरीसाठी ई-चलन उघडून नीट वाचा. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे चलनासोबत गाडीचा क्रमांक दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असायला हवं, आणि सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. एमएच-०४ आणि एमएच-४३ मधल्या एखाद्या आकड्याची गल्लत, दुसऱ्याच रंगाची गाडी, असं काही दिसलं तर वाहतूक पोलिसांच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर फोटोसह तक्रार नोंदवा. "माझं मीटर बिघडलं होतं" हे कारण मात्र चालत नाही. आरसीवरचा मोबाइल क्रमांक जुना असेल तर चलनाचा निरोप तुमच्यापर्यंत येणारच नाही, तो आधी बदलून घ्या.

मीटर बिघडलं तर

काटा थरथरतो म्हणजे केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे. खाडीजवळच्या खाऱ्या, दमट हवेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे हमखास होतं. केबल काढून पुसून ग्रीस लावली की काम होतं. तुटली असेल तर नवी टाकायची, ती फार महाग नसते. डिजिटल मीटरवर आकडा एकदम शून्यावर जाऊन परत येत असेल तर सेन्सरचा कनेक्टर बघायला सांगा. पाणी शिरलेलं असतं, नाहीतर सेन्सरच्या तोंडाशी चिखल आणि ब्रेकची भुकटी साठलेली असते.

पुढचं पंक्चर काढल्यावर मीटर बंद पडलं, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. चाक परत बसवताना मीटरच्या गिअरची दोन टोकं चाकातल्या खाचेत बसलेली नसतात. तसंच घट्ट आवळलं तर ती वाकतात आणि मग तो भागच बदलावा लागतो. पंक्चरवाल्याच्या दुकानातून निघण्याआधी पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, केबल फिरते का बघा, आणि रस्त्यावर आल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये काटा हलतो का ते बघा. हलत नसेल तर तिथूनच परत फिरा.

नवा टायर, नवं स्प्रॉकेट, नवी केबल किंवा नवं मीटर, यातलं काहीही गाडीला लागलं की मोजणीची फेरी पुन्हा करायची आणि आरसीच्या पाकिटातल्या कागदावर जुन्याखाली नवे आकडे लिहायचे.